हत्यारांविषयी वाचकांचे प्रश्न : बॅटरीवरची यंत्रे

दिवाळी जवळ आली की बडोद्यात घराघरांतून सुतारकाम निघते आणि त्याबरोबर या सदराचे टपालही वाढते. या खेपेस आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिल, स्क्रू मशीन आणि ग्राइंडरविषयी आहेत. म्हणून बाकीचे प्रश्न पुढील अंकासाठी राखून ठेवून येथे एवढाच विषय घेतला आहे. पत्रलेखकांची नावे न देता केवळ वस्तीचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : मांजलपूर येथे माझा फर्निचरचा लहान व्यवसाय असून माझ्याकडे चार सुतार आहेत. आमची सगळी यंत्रे वायरची आहेत. नव्या इमारतींत काम मिळते तेव्हा मजल्यावर एकच चालू प्लग असतो आणि त्यावरून चौघांची ओढाताण होते. सर्वच यंत्रे बॅटरीवरची घ्यावीत काय? घेतल्यास १२ व्होल्टची की १८ व्होल्टची?

उत्तर : सर्वच यंत्रे एकदम बदलू नका. कोणते काम वायरीपासून सोडवायचे हे आधी ठरवावे, आणि ते ठरवायला एक साधा गुणाकार पुरतो. बॅटरीवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर-अवर यांचा गुणाकार केला की तिच्यात साठणारी ऊर्जा वॅट-अवरमध्ये मिळते. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ३६ वॅट-अवर. तेवढ्याच व्होल्टची ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ९० वॅट-अवर. आता आपल्याकडचा मार्बल कटर उलटा करून त्याची पाटी वाचा. तेथे १,२०० वॅट लिहिलेले असेल, तर त्या दराने ९० वॅट-अवरची मोठी आणि महागडी बॅटरी साडेचार मिनिटांत रिकामी होईल. प्रत्यक्षात यंत्र सारखे पूर्ण जोरात चालत नाही आणि नव्या ब्रशलेस (घासणारे कार्बन नसलेल्या) मोटरी ऊर्जाही कमी वाया घालवतात, त्यामुळे मुदत काहीशी वाढते. परंतु दिवसभर ८ बाय ४ चे प्लाय फाडायचे असतील तर हा हिशेब कोणत्याही कंपनीच्या बॅटरीने फारसा बदलत नाही.

स्क्रूचे काम याच्या अगदी उलट असते. यंत्र दोन-तीन सेकंद फिरते, मग सुताराचा हात पुढचा स्क्रू उचलायला जातो, पट्टी सरळ आहे का ते पाहिले जाते, कोणीतरी दार धरून ठेवते, आणि या सगळ्या वेळात बॅटरी विश्रांती घेत असते. भोके पाडण्याचेही बहुतांशी तसेच आहे. म्हणून चौघांच्या हाती ड्रिल आणि स्क्रू मशीन बॅटरीवरची द्यावी, आणि कटर, रंधा मशीन, मोठा राउटर (लाकडात खाचा पाडणारे यंत्र) यांना तो एकमेव प्लग मोकळा करून द्यावा. त्या प्लगवरून जो बोर्ड ओढाल त्याला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा खटका) मात्र जरूर बसवून घ्या, कारण अर्धवट बांधलेल्या इमारतीत फरशीवर पाणी असते, सोललेली वायर त्याच पाण्यातून जाते आणि कोणाचे लक्षही नसते.

१२ की १८ हा प्रश्न वजनाचा आहे. १२ व्होल्टचे ड्रिल बॅटरीसह साधारण किलोभराचे असते आणि ओट्याखालच्या कपाटात आडवे होऊन बिजागऱ्या बसवणाऱ्या माणसाला त्याची खरी किंमत कळते. बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिलिमीटरचे भोक दिवसभर पाडायचे असेल, भिंतीत प्लास्टिकच्या गिट्टीसाठी (स्क्रू धरून ठेवणाऱ्या नळीसाठी) भोके घ्यायची असतील किंवा लांब स्क्रू सागात उतरवायचे असतील, तर मात्र १८ व्होल्टवाचून गत्यंतर नाही. माझ्या मते आपण चौघांसाठी १८ व्होल्टची यंत्रे घ्यावीत, आणि १२ व्होल्टचे एखादे, तेही पुढे पैसे उरल्यास.

येथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. आपण ज्या दिवशी पहिले यंत्र घेता त्या दिवशी प्रत्यक्षात बॅटरीची जात निवडत असता, कारण एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात सहसा बसत नाही. त्यानंतर बॅटरी व चार्जर यांशिवाय नुसती बॉडी विकत घेता येते आणि ती पुष्कळ स्वस्त पडते. म्हणून पहिल्या खरेदीच्या वेळी केवळ ड्रिलची किंमत न पाहता, त्याच बॅटरीवर आपल्याला पुढे लागणारी जिगसॉ, ट्रिमर, हॅमर ही यंत्रे बडोद्यात मिळतात का आणि दुरुस्तीचे अधिकृत केंद्र शहरात आहे का, हे विचारावे. चार्जर किती अँपिअरचा आहे तेही पाहावे. ५ अँपिअर-अवरची बॅटरी २ अँपिअरच्या चार्जरवर अडीच तासांहून अधिक वेळ घेते, आणि तेवढ्यात जेवणाची सुट्टी कधीच संपलेली असते.

प्रश्न : कारेलीबागेत राहतो. बाजारातून ‘८८ व्होल्ट’ छापलेले ड्रिल फार स्वस्तात घेतले. शेजाऱ्यांचे १८ व्होल्टचे ड्रिल त्याच्यापेक्षा जोरदार चालते. हे कसे?

उत्तर : आपल्या ड्रिलवर ८८ हा आकडा आहे, ८८ व्होल्ट नाहीत. लिथियम-आयन बॅटरीच्या आत पेन्सिल सेलसारखे, पण जाडजूड सेल असतात आणि प्रत्येकाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून त्याच पाच सेलच्या बॅटरीवर कोणी १८, कोणी २० आणि कोणी २१ असे लिहितो. ही तिन्ही एकच वस्तू आहे आणि यात लबाडी फारशी नाही. ८८ व्होल्ट खरोखर हवे असतील तर चोवीसेक सेल लागतील. असा एक सेल १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा आणि ४५ ग्रॅमच्या आसपास वजनाचा असतो. तेव्हा आपली बॅटरी काढून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. नुसत्या सेलचेच वजन किलोभर भरायला हवे. मला वाटते काटा ४०० ग्रॅमच्या आतच थांबेल.

शेजाऱ्यांचे ड्रिल जोरदार असण्याचे आणखी एक कारण असू शकते. त्यांची बॅटरी ४ किंवा ५ अँपिअर-अवरची असेल, तर तिच्यात बहुधा पाच-पाच सेलच्या दोन रांगा समांतर जोडलेल्या असतात. ड्रिलवर ताण आला की लागणारा प्रवाह दोन रांगांत वाटला जातो, प्रत्येक सेल कमी तापतो आणि त्याचा दाब कमी खाली येतो. त्यामुळे तेच ड्रिल लहान बॅटरीवर कुंथते आणि मोठ्या बॅटरीवर सरळ आत जाते. अँपिअर-अवर म्हणजे केवळ अधिक वेळ, असे जे सर्रास सांगितले जाते ते म्हणूनच अर्धेच खरे आहे.

प्रश्न : वाघोडिया रोडवर आम्ही नवे घर घेतले. मुलांच्या खोलीतील कपाटाच्या बिजागऱ्यांचे स्क्रू सहा महिन्यांतच सैल झाले. सुतारदादा म्हणतात, माल खराब आहे. त्यांच्याकडे बॅटरीचे आखूड, टकटक करणारे मशीन होते. दोष मालाचा की मशीनचा?

उत्तर : कपाट पार्टिकल बोर्डाचे असेल तर दोष थोडा त्याचा, पण बहुधा जास्त त्या टकटकीचा. आपण वर्णन केलेल्या यंत्राला इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणतात. त्याच्या पोटात एक लहानसा हातोडा असतो. स्क्रूने विरोध केला की तो फिरण्याच्या दिशेनेच घाव घालू लागतो, आणि म्हणून धरणाऱ्याच्या मनगटाला पीळ न बसता लांबच लांब स्क्रू चौकटीत उतरतो. साध्या १८ व्होल्टच्या ड्रिलचा पीळ ५०-६० न्यूटन-मीटर असतो, तर या यंत्राचा १५० च्या पुढे. पत्र्याचे शेड, सागाच्या चौकटी, नट-बोल्ट यांसाठी याच्यासारखे हत्यार नाही. परंतु त्याला ड्रिलसारखा क्लच नसतो, म्हणजे ‘एवढे पुरे’ हे त्याला कळण्याची सोय नसते. (काही नव्या यंत्रांत वेगाच्या दोन-तीन पायऱ्या असतात, सर्वांत खालची पायरी निवडली तर थोडे बरे.) बिजागरीचा इवलासा स्क्रू पार्टिकल बोर्डात पूर्ण बसल्यानंतर अर्धा फेरा जरी अधिक फिरला तरी त्याचे आटे आतला भुसा कातून टाकतात. वरून स्क्रू घट्ट दिसतो, पण त्याच्याभोवती धरायला काही उरलेले नसते.

हे काम ड्रिलच्या पुढच्या कड्यावरील आकडे वापरून करायचे असते. कडे ३ किंवा ४ वर ठेवावे, गिअर १ वर असावा. स्क्रूचे डोके पृष्ठभागाला टेकले की ‘कर्रर्र’ असा आवाज येऊन चक (बिट धरणारे तोंड) थांबतो. टेकण्याआधीच थांबला तर एक आकडा वाढवावा, आणि डोके आत रुतू लागले तर एक कमी करावा. पहिले दोन स्क्रू यात जातात, बाकीचे दोनशे निर्धास्तपणे बसतात. आपल्या सुतारांना हे सांगताना माल खराब असल्याचे त्यांचे म्हणणे मोडून काढू नका. नुसते कडे दाखवा.

सैल झालेले स्क्रू काढून भोकात लाकडाच्या गोंदात बुडवलेल्या दोन-तीन आगकाड्या, गुल तोडून, ठोकाव्यात, बाहेर आलेला भाग सुरीने सपाट कापावा, रात्रभर वाळू द्यावे आणि दुसऱ्या दिवशी तोच स्क्रू हाताच्या पेचकसाने बसवावा. हा उपाय जुना असला तरी अद्याप त्याहून चांगला मला माहीत नाही.

प्रश्न : बॅटरीवरच्या ड्रिलचा शोध अमेरिकेच्या नासा या संस्थेने चंद्रावर जाण्यासाठी लावला, हे खरे काय? (एक विद्यार्थी, प्रतापनगर)

उत्तर : नाही. हातात धरायचे विजेचे ड्रिल जर्मनीत फाइन यांच्या कारखान्यात १८९५ साली तयार झाले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका यांचे पेटंट अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीला १९१७ साली मिळाले, आणि त्याच कंपनीने १९६१ साली बॅटरीवरचे ड्रिल विक्रीस आणले. नासाचे काम तिच्याकडे त्यानंतर आले. चंद्राच्या भूमीत भोक पाडणारे यंत्र १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर गेले. कारागिरांच्या दृष्टीने खरा पालट २००५ च्या सुमारास झाला, जेव्हा निकेल-कॅडमियमच्या जड बॅटऱ्यांच्या जागी लिथियम-आयन बॅटऱ्या मोठ्या यंत्रांत येऊ लागल्या.

प्रश्न : बॅटरीच्या ४ इंची ग्राइंडरला लाकडाचे दात्यांचे पाते लावले तर वेगळा कटर घ्यावा लागणार नाही. चालेल काय? (मकरपुरा)

उत्तर : चालणार नाही. ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतो, त्याचे कव्हर पाते अर्धेच झाकते, आणि लाकडात गाठ आली की दाते ती पकडतात व यंत्र उलट उसळते. हाताला वायर अडकत नसल्यामुळे बॅटरीचा ग्राइंडर माणूस अधिक वेड्यावाकड्या कोनात धरतो, म्हणून धोका कमी होण्याऐवजी वाढतो. पाते बसावे म्हणून कव्हरच काढून ठेवणारेही मी पाहिले आहेत आणि त्यांतील एकाच्या डाव्या हाताची दोन बोटे आता वाकत नाहीत. लाकडासाठी बॅटरीवरची गोल करवत किंवा जिगसॉ घ्या. फरशी किंवा दगड कापायचा असेल तर ग्राइंडर योग्य, पण पात्यावर पाण्याची धार धरून आणि तोंडावर चांगला मास्क लावूनच. दगडाच्या पिठीने फुप्फुसांचे काय होते हे आपल्या शेजारच्या खंभातमधील अकीक हा दगड घासणाऱ्या कारागिरांच्या पिढ्यांनी भोगले आहे.

प्रश्न : रावपुऱ्यात आमचा जुना वाडा आहे. नातवाने बॅटरीचे हॅमर ड्रिल आणले आहे. भिंतीवर पुस्तकांच्या फळ्या लावायच्या आहेत, पण वीट-चुन्याची भिंत ढासळेल अशी भीती वाटते.

उत्तर : आपली भीती रास्त आहे. नातवाला सांगा की कड्यावरील हातोडीचे चिन्ह या भिंतीपुरते विसरून जायचे. ती हातोडी काँक्रीटसाठी असते. विटांमधील चुन्याच्या सांध्यांना तिचे हादरे बसले की भोक आत रुंद होत जाते, गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो आणि गिट्टी हलू लागते. ड्रिलच्या चिन्हावर ठेवून, नवे बिट लावून, मध्यम वेगाने आधी ४ मिलिमीटरचे भोक पाडावे आणि मग ते ८ पर्यंत वाढवावे.

भोक पाडताना खाली एक कागद दुमडून चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि त्यावर पडणारी पिठी पाहत राहा. आधी पांढरी पिठी येईल, तो गिलावा. मग लाल आली तर बिट विटेत गेले आहे. तेथे गिट्टी चांगली धरते. पांढरी पिठी संपतच नसेल आणि बिट लोण्यात गेल्यासारखे जात असेल तर आपण दोन विटांमधील चुन्यात आहात. भोक बुजवून दीड-दोन इंच वर किंवा खाली सरकावे. तपकिरी, लांबट तूस आली तर तेथेच थांबा, कारण जुन्या वाड्यांच्या भिंतींत सागाच्या तुळया आणि खांब गिलाव्याआड दडलेले असतात. फळी लावायला ती जागा उत्तमच आहे, मात्र तेथे गिट्टी न वापरता लाकडाचा स्क्रू सरळ बसवावा, आणि तत्पूर्वी बारीक भोक पाडून घ्यावे, नाहीतर शंभर वर्षे वाळलेला साग स्क्रूचे डोके तोडतो. पुस्तकांचे वजन डोळ्यांना वाटते त्यापेक्षा बरेच असते, तेव्हा दोन कंसांवर (ब्रॅकेटांवर) भागवू नका. दर दीड फुटाला एक कंस द्या.

नातू पुढे नव्या इमारतीत स्लॅबला भोके पाडायला निघाला, तर मात्र हेच ड्रिल अपुरे पडेल. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर खडखडतात आणि जोर माणसाला लावावा लागतो. स्लॅबसाठी एसडीएस (दांड्याला खाचा असलेल्या) बिटाचा रोटरी हॅमर हवा, ज्याच्या आत हवेच्या दाबाने दट्ट्या घाव घालतो. तो बॅटरीवरही मिळतो आणि डोक्यावर हात करून काम करणाऱ्याला तोच परवडतो.

प्रश्न : पादरा रोडवरील साइटवर पत्र्याच्या खोलीत ड्रिल आणि दोन बॅटऱ्या ठेवल्या होत्या. उन्हाळ्यात काम दोन महिने बंद राहिले. आता एक बॅटरी चार्जरवर लाल दिवा दाखवते, दुसरी लवकर उतरते. दुरुस्ती करून घ्यावी काय?

उत्तर : मे महिन्यात आपल्याकडे पारा सावलीतच चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून किती तरी अधिक उष्णता कोंडली जाते. लिथियम-आयन सेल दोन अवस्थांत लवकर म्हातारा होतो : पूर्ण भरून उन्हात ठेवल्यास, आणि पूर्ण रिकामा करून विसरल्यास. आपल्या दोन बॅटऱ्यांपैकी बहुधा एकीचे पहिले झाले आहे आणि दुसरीचे दुसरे. जी लवकर उतरते तिची गेलेली क्षमता परत येणार नाही; ती हलक्या कामाला वापरावी. जी लाल दिवा दाखवते तिच्या एखाद्या सेलचा दाब फार खाली गेला असावा आणि चार्जर तिला जाणूनबुजून नाकारत आहे. पण असे ठरवण्यापूर्वी ती केवळ गरम नाही ना, एवढे पाहून घ्या. घरात पंख्याखाली तासभर ठेवून पुन्हा लावावी, कारण तापलेल्या बॅटरीलाही चार्जर थांबवून ठेवतो आणि काही कंपन्यांचे दिवे या दोन्ही तक्रारी जवळजवळ सारख्याच लुकलुकीने सांगतात.

दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून तिला ‘झटका’ देण्याचा उपाय मोबाइलवर दाखवला जातो, तो करू नका. अति उतरलेल्या सेलच्या आत तांबे विरघळून भलत्या जागी जमते, आणि असा सेल जबरदस्तीने भरला तर आतून शॉर्ट होऊन पेटू शकतो. वॉरंटी असेल तर अधिकृत केंद्रात जावे. नसेल आणि बाहेरून सेल बदलून घ्यायचे असतील, तर कारागिराला दोनच प्रश्न विचारा. सेल पॉवर टूलचे आहेत की पॉवर बँकेचे? दिसायला दोन्ही सारखे असतात, परंतु ड्रिल अडले की वीस-वीस अँपिअर प्रवाह खेचते आणि पॉवर बँकेचा सेल तेवढा देण्यासाठी केलेला नसतो. आणि जोडणी निकेलच्या पट्टीने स्पॉट वेल्डिंग करून होणार की सेलवर थेट कथील ओतून? उत्तर कथील असे आले, तर बॅटरी उचलून घरी या.

यापुढे काम बंद करताना बॅटरी यंत्रातून काढून, तीनपैकी दोन दिवे लागतील इतकी भरलेली, घरातील गार खोलीत ठेवावी; महिन्या-दोन महिन्यांनी दिवे पाहावेत. ‘पूर्ण उतरवूनच चार्ज करा’ हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे, तो आता लागू नाही. मेलेली बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्यांचे संकलन ही उत्पादकांची जबाबदारी आहे आणि त्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या देणे ही आपली. देण्यापूर्वी तिच्या पितळी टोकांवर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी दोन फेऱ्या गुंडाळा.